यिर्झिनाबाईंच्या टोप्या

४ एप्रिल
आजपासून संगणकाचे काम शिस्तीने हाती घेतले आहे. यिर्झिना रूझिच्कोव्हा या चेक बाईंना पत्र लिहावयाचे आहे. मथुरा, माझी पत्नी, गेल्या आश्विनात गेली, हे त्यांना अद्याप कळविलेले नाही. विलंबाचे कारण निव्वळ तांत्रिक. बाईंच्या नावावर तीन टोप्या, एक टिकली आणि एक काडी आहे. यांपैकी एकही माझ्या संगणकावर उमटत नाही. जिला मृत्यूची वार्ता द्यायची, तिचे नाव तरी शुद्ध असावे.
(अक्षरांवरील चिन्हांना टोपी, टिकली, काडी हे शब्द मथुरेचे. त्या भाषेत त्यांना काही प्रतिष्ठित नावे असणार.)
आठवड्याभरात पत्र रवाना.

६ एप्रिल, दुपार
नोंदीसाठी पूर्वपीठिका. बाई कातळशिल्पे पाहण्यास आल्या आणि मांडवीच्या या घरात माडीवर महिनाभर राहिल्या. त्यांना मराठी येत नव्हते. मथुरेला मराठीखेरीज काही येत नव्हते. तरी दोघी स्वयंपाकघरात घावन घालता घालता तासन्‌तास बोलत आणि हसत. कशाला, ते मला कधी सांगण्यात आले नाही.
तेव्हापासून दर मे महिन्यात इथून आंब्याची साठे आणि पत्र जाते. मजकूर मथुरा सांगे, इंग्रजी मी टाइप करी, आणि छापील कागदावर ती निळ्या पेनाने टोप्या काढी. कॉलेजच्या कार्यालयात मी अधीक्षक होतो. असला कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता. मी दर वर्षी हरकत नोंदवीत असे. यंदा पेन वापरावयाचे नाही.

९ एप्रिल
चिन्हांची यादी उघडली. कात्री सापडली. टेलिफोन सापडला. हसरा चेहरा, पाच पाकळ्यांचे फूल, मेणबत्ती. r वर टोपी नाही. ज्याने हा प्रोग्राम बनविला, त्याला पत्र लिहिण्यापेक्षा केस कापण्याची अधिक हौस असावी.
मुळात र वर टोपी कशासाठी? र आणि झ एकाच वेळी उच्चारायचे म्हणे. मथुरेला ते जमे. मला करून दाखवी, 'तुम्ही म्हणा बघू' म्हणे. मी म्हटले नाही.

१३ एप्रिल, रविवार
चिपळूणहून तेजस्वीचा फोन. दर रविवारी एकच प्रश्न: बाबा, बाईंना कळवलंत? मी फॉन्टची अडचण समजावून सांगितली. तर म्हणते, फॉन्ट गेला खड्ड्यात, त्या डिसेंबरात येणार म्हणत होत्या, आईला भेटायला म्हणून तिकीट काढून बसतील, मीच मेसेज करू का? सक्त मनाई केली. मोबाइलवर मृत्यू कळविण्याइतके हे घराणे घसरलेले नाही.
मुलीची भाषाही घसरली आहे.

१६ एप्रिल
अजिंक्यच्या डीटीपीच्या दुकानात गेलो. हा मुख्यतः लग्नपत्रिका छापतो. नावावर गणपती, कोपऱ्यात सनई. त्याने बाईंचे नाव छापले, त्यात टोप्यांच्या जागी पोकळ चौकोन आले. काका, चौकोन पण छान दिसतायत, म्हणाला. मी कागद परत केला. मग म्हणाला, टोप्या न घालता टाका ना पत्र, बाईला काय स्वतःचं नाव कळणार नाही होय?
अशा वृत्तीमुळेच देशाची ही अवस्था आहे.

२४ एप्रिल
यश! संगणकात चेक कीबोर्ड स्थापित केला. ५ दाबला की टोपीचा r, ६ दाबला की टोपीचा z. युरोपीय शिस्तीला तोड नाही.

२४ एप्रिल, सायंकाळ
तीच शिस्त आकड्यांना आकडे राहू देत नाही. पत्ता टाइप केला. रत्नागिरीचा पिनकोड č+řž+ě असा उमटला. शिवाय y च्या जागी z. इंग्रजीत 'माय वाइफ' लिहू गेलो, ते 'म्झ वाइफ' झाले. तिथेच थांबलो.

२५ एप्रिल
संगणक उघडत नाही. पासवर्डात मथुरेचे जन्मसाल आहे आणि चेक कीबोर्डाला ते मान्य नाही. तेजस्वीने फोनवरून हसत हसत सोडविले. हसण्यासारखे काय होते, ते तिनेही सांगितले नाही.
चेक कीबोर्ड काढून टाकला.

३ मे
अंतिम यश. 0159 टाइप करून Alt आणि X दाबले की ř. टिकलीच्या u साठी 016F. बाकीचेही असेच. हे कोणी शिकविले नाही. मी स्वतः शोधले. (तेजस्वीने पाठविलेल्या लिंकमध्येही होते म्हणे.)
कार्यालयीन पद्धतीप्रमाणे गतवर्षीचीच फाइल उघडली, तारीख बदलली, नावाची पाचही चिन्हे बसविली. नवा कागद कशाला वाया घालवायचा? शोकवार्तेचा परिच्छेद शेवटी घालीन. आधी नाव.

१० मे
सगुणाबाई स्वयंपाकाला येतात, त्यांनी साठे आणून दिली. वहिनींनी शिकवलान तशीच घातल्येत हो भाऊ, साखर कमी, म्हणाल्या. मी एक तुकडा चाखला. वाळवण बरे आहे.
पत्र छापले. नाव भिंगाने तपासले. टिकली u च्या बरोबर मध्यावर. मथुरेची नेहमी थोडी उजवीकडे जात असे. पार्सल पोस्टात दिले.

११ मे, रविवार
कळवलंत का? पत्र गेले, असे अभिमानाने सांगितले. तेजस्वी मग रडली. बरं केलंत बाबा, म्हणाली. एका पत्रासाठी रडण्याचे कारण नव्हते.

१४ मे
नाव पुन्हा एकदा पाहावे म्हणून फाइल उघडली. नाव निर्दोष आहे. खाली गतवर्षीचा मजकूर जसाच्या तसा: मथुरेची प्रकृती उत्तम आहे, ती तुमची वाट पाहते आहे.
परिच्छेद घालावयाचा राहिला.
ही फाइल हाताळण्यातील त्रुटी आहे. शुद्धिपत्र उद्या.

२ जून
शुद्धिपत्र हाती घेतले. 'एक्स्पायर्ड' हा शब्द औषधांना शोभतो. 'पास्ड अवे' म्हणजे शेजारून निघून गेल्यासारखे वाटते. इंग्रजी ही दरिद्री भाषा आहे.

१९ जून
प्रिंटरची शाई संपली.

२६ जून
शाई आणली. वीज नाही.

२९ जून, रविवार
तेजस्वीने विचारले, बाईंचं काही उत्तर? पोस्ट हल्ली बेभरवशाचे झाले आहे, असे सांगितले. हे खरेच आहे.

१२ जुलै
पोस्टाचे काही बिघडलेले नाही. चेक पार्सल आले. मथुरेसाठी लोकरीचे लाल मोजे. रत्नागिरीत! बाईंना भूगोलाचे ज्ञान नाही. सोबत कार्ड: तिची तब्येत चांगली आहे हे वाचून फार आनंद झाला, पुढच्या महिन्यात तिकीट काढते, कोणती तारीख सोयीची ते तिला विचारून कळवा.
कार्डावर वरती देवनागरीत, हाताने: मथुरा. शिरोरेषा वाकडी आहे. थ लहान मुलाने काढावा तसा आहे. उकार आधी राहिला असावा. तो निळ्या पेनाने मागाहून दिलेला दिसतो.
मोजे तिच्या कपाटात ठेवले.

१३ जुलै, रविवार
वीज होती. शाई होती. संगणक लावला नाही.
हाताने लिहिले. मथुरा गेली. इंग्रजीत ते तीनच शब्द झाले. मागील पत्राबद्दल एक ओळ घातली. खाली, डिसेंबरात तरीही यावे, माडी रिकामी आहे, असे का लिहिले ते सांगता येत नाही.
मग तेजस्वीला फोन केला आणि पहिल्या पत्राचे सारे सांगितले. ती रागावली नाही. बाबा, जेवलात का, एवढेच म्हणाली.

१४ जुलै
पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकले. हात बाहेर काढल्यावर लक्षात आले की बाईंचे नाव तसेच गेले. टोप्या नाहीत, टिकली नाही, काडी नाही. निळे पेन खिशात होते.