बिनसाखरेची बदामबिस्किटं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हे आज बेकरीत सापडले! कोपऱ्यावरच्या. अंगावर बसड्रायव्हरचा गणवेश, हातात काजूबिस्किटांचा पुडा, तोंड भरलेलं. मला बघून म्हणतात कसे, "ताजी होती गं." डॉक्टरीणबाईंनी साखर वाढल्याचं सांगून गोळी सुरू केली, त्याला अजून आठवडाही झाला नाही!

पुढच्या महिन्यात खात्याची तपासणी. तिथे साखर जास्त निघाली की स्टिअरिंग गेलंच. ह्यांच्या जोडीच्या ड्रायव्हरला असंच वर्कशॉपात बसवलं, तर तो माणूस बघता बघता म्हातारा झाला. आणि हे तर घरात खुर्चीवर बसले तरी उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा ठेवतात. गाडी गेली तर ह्यांचं काय होईल? 

ठरलं. बिस्किटं मीच करणार. मैदा नाही, साखर नाही. लेकीने माळ्यावरचा छोटा ओव्हन काढून, पुसून दिला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फजिती. गव्हाचं पीठ, जाडसर बदाम, थोडं तूप, वेलची. ओव्हनमध्ये बोट लावून बघितलं तर मऊच लागली. म्हणून आणखी ठेवली, मग आणखी. गार झाली आणि दगड!

सासूबाईंनी एक ताटलीत टाकून बघितलं. ठण्ण आवाज आला. "सूनबाई, माझ्या कवळीची तरी दया कर!"

ह्यांनी मात्र एक उचललं. चहात बुडवून, वाट बघून, खाल्लं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज कळलं — बाहेर काढताना मऊच असायला हवीत, गार होताना ती आपोआप कडक होतात. इतकी साधी गोष्ट! पण बदाम मिक्सरमध्ये जास्त फिरवले, तेल सुटून लगदा झाला. आता थांबत थांबत फिरवायचे. गोडीला खजूर वाटून घातला. अक्रोडाचे तुकडे वरून दाबले.

जमली!! कडेने खुसखुशीत, मधे मऊ. घरभर वेलचीचा वास. ह्यांनी डबाभर कामावर नेली. कंडक्टर म्हणाला म्हणे, "वहिनींना सांगा, बेकरीवाल्याचं दुकान बसवणार त्या."

मी उगाच आरशात बघून हसले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

साखर वाढलीय. कमी नाही — वाढलीय!

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खजुरात साखरच असते हो. आणि एका वेळी किती खातात?" मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघितलं. गोळीचा डोस वाढवला.

म्हणजे मीच ह्यांना डबे भरभरून साखर चारली. स्वतःच्या हाताने.  परत येताना हे म्हणाले, "अगं, चव छान होती पण." कपाळ माझं!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

खजूर बंद. बदाम जास्त, पीठ कमी, तूप बेताचं, गोडाच्या जागी नुसती वेलची आणि दालचिनी. बिस्किटं छोटी, चहाबरोबर दोनच. डब्यातलं जेवणही निम्मं केलं. सासूबाई कुरकुरल्या, "दिवसभर गाडी हाकतो तो, पाखरू आहे का?" मी ऐकलं नाही. तपासणी डोक्यावर आहे, आता लाड नाहीत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हे कालपासून गप्प आहेत. रागावलेत का माझ्यावर? विचारलं तर "काही नाही." जेवणाबद्दल तक्रार नाही, बेकरीचं नाव नाही. बिस्किटं ठेवली तर निमूट खाल्ली.

शर्टाचे खिसे तपासले — हो, तपासले! बाहेर काही खात असतील म्हणून. एका खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. गोड! तडक कचऱ्यात टाकल्या. ह्यांनी बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भांडले असते तर बरं झालं असतं.

रविवार, २ मार्च

लेक म्हणते, "आई, तू बाबांच्या ताटाकडे पोलिसासारखी बघतेस." बघते! कुणीतरी बघायला नको? मला जेवण जात नाही. डोळ्यांपुढे सारखं तेच — हे रिकाम्या हातांनी घरी आलेत आणि खुर्चीत बसून राहिलेत.

आजची बिस्किटं करपली. पहिल्यांदाच.

गुरुवार, ६ मार्च

पास!!!

साखर आटोक्यात. दाब ठीक, डोळे ठीक. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "काय केलंत एवढं?" हे म्हणाले, "बायकोने केलं." मी ओट्याशी उभी राहून रडले. सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आता एक खजुराचं कर."

हे मात्र हसले नाहीत. लवकर झोपायला गेले. दमले असतील.

शुक्रवार, ७ मार्च

हे आज साहेबांकडे जाऊन स्वतःच सांगून आले — मला गाडीवरून उतरवा.

मग मला सगळं सांगितलं. हे गप्प झाले त्याच मंगळवारी, गोळ्या वाढलेल्या आणि पोट रिकामं, साखर एकदम खाली गेली होती. चालवताना! हात घामेजले, समोरचा सिग्नल दिसत होता पण लाल म्हणजे काय करायचं तेच आठवेना. कंडक्टरने ओरडून गाडी थांबवायला लावली, तोंडात पेपरमिंट घातली. तेव्हापासून त्या गोळ्या खिशात ठेवत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू स्वतःलाच दोष दिला असतास. वाटलं, तपासणीत डॉक्टरच नापास करतील. नाही केलं. मग मलाच बोलावं लागलं." मग म्हणाले — "गाडी थांबल्यावर आरशात बघितलं ना, तर गाडी भरलेली होती गं. उभी माणसंसुद्धा."

मी इतके दिवस एकट्या ह्यांच्यासाठी घाबरत होते.