बाहेरचा स्टॉपर

४ जानेवारी, रविवार

परत हरलो. तीन गोल खाल्ले, मारला एकही नाही. घसा बसलाय. वरच्या गटात यायला क्लबला किती वर्षं लागली, आणि आता एका हंगामात खाली जायची वेळ.

ग्रुप पेटलाय. अॅडमिन मी, म्हणजे शिव्या पुसायचं काम माझं. सनीचे एकट्याचे वीसेक मेसेज असतील. रिक्षा चालवतो की दिवसभर मोबाईलच चालवतो देव जाणे. जन्मात बॉलला पाय लावला नाही आणि टीम कशी निवडायची ते सगळ्यांना शिकवतो. या महिन्यात बाहेरचे दोन खेळाडू घेता येतात. वर्गणीत एकच धड येईल. सगळ्यांचं एकच, स्ट्रायकर आणा. मागची कुणाला चिंता नाही. बापू म्हणाले, मागे मिलिंद उभा आहे तोवर मागचं बघायला नको. बापू क्लबचे सेक्रेटरी, त्यांनी म्हटलं की संपलं.

मिलिंद म्हणजे आमचा दादा. स्टॉपर, म्हणजे गोलपुढे मधोमध उभा राहून समोरच्यांना अडवणारा, आणि कॅप्टन. ग्राउंडवरून आल्यावर जिना कठड्याला धरून आडवा चढला, एकेक पायरी. मी बघतेय म्हटल्यावर बूट चावला म्हणाला.

६ जाने., मंगळवार

बूट नाही, गुडघा. आई आणि वहिनी विहारात गेल्या होत्या. मी ऑफिसातून लवकर आले, तर दादा स्वयंपाकघरात खाली बसलेला, उजव्या गुडघ्यावर आईनं सोलून फ्रीजरला टाकलेली मटारची पिशवी. गुडघा नारळाएवढा. मला बघून हसला, चोरी पकडल्यासारखा.

दिवाळीपासून आहे म्हणे. एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला. धावणं बंद करा, आणखी एकदा मुरगळला तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाला. आणि हा अजून प्रॅक्टिसला जातोय!

मार्चमध्ये कंपनीत पर्मनंटची मेडिकल आहे. इतकी वर्षं सातपूरला पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कंत्राटी म्हणून उभा राहिला, आता कुठे नाव लागलंय. लंगडणाऱ्याला कोण पर्मनंट करतो? मी हे म्हटलं तर म्हणे, "तेवढा हंगाम जाऊ दे. कुणाला बोलायचं नाही. आईला तर नाहीच."

वचन घेतलं माझ्याकडून. मी दिलं. मूर्ख मी.

(मटार आईनं आजच उसळीला वापरले. मी नुसती भाकरी खाल्ली.)

९ जाने., शुक्रवार

कोल्हापूरचा एक स्ट्रायकर आहे, रोहन, त्याचे व्हिडिओ सगळीकडे. खरंच पळतो, खोटं कशाला बोलू. डाव्या पायाचा, चपळ. सनीनं तोच एक गोल इतक्यांदा पाठवला की मला गोलकीपरची दया यायला लागली.

शेवटी मी लिहिलं: एवढे पैसे एका स्ट्रायकरवर ओतण्यापेक्षा एक चांगला स्टॉपर घ्या, गोल खाणं थांबेल.

झालं. तुटून पडले. सनी म्हणे ताई, घरात भांडण झालं का? कुणीतरी, सख्ख्या भावाला बसवायला निघाली. कुणीतरी त्याच्यावर हसण्याचे चेहरे. उत्तर काय देणार? कारण सांगता येत नाही आणि कारणाशिवाय माझं म्हणणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. फोन बंद करून भांडी घासायला घेतली. वहिनी म्हणाली, अगं जपून, फुटतील.

११ जाने., रविवार

विहाराच्या हॉलमध्ये मीटिंग. आपल्याकडे चिठ्ठ्या नाहीत, हात वर. बापूंनी विचारलं, स्ट्रायकर? पहिला हात दादाचा. माझ्याकडे बघत वर केला.

आता कळलं. हाच सगळ्यात जास्त स्ट्रायकर-स्ट्रायकर करतोय, म्हणजे मागे कुणी बघायलाच नको.

स्टॉपर म्हटल्यावर माझा हात आणि बापूंच्या धाकट्या सुनेचा. तिला वाटलं चहा कुणाकुणाला ते विचारतायत. सगळा हॉल हसला. मीही हसले, रडण्यापेक्षा बरं.

घरी येताना दादा गल्लीच्या तोंडाशी थांबला.

"तू मला काढायला निघालीस?"

"काढायला नाही, वाचवायला."

"माझ्यासाठी दोन्ही एकच आहे, प्रज्ञा."

१३ जाने., मंगळवार

कॉलनीच्या चौकात फ्लेक्स लागला. रोहनचा फोटो, मागे ज्वाळा, "आपल्या क्लबमध्ये हार्दिक स्वागत". खाली शुभेच्छुकांत सनीचा फोटो, गॉगल लावून, रोहनपेक्षा किंचितच लहान. बापू संध्याकाळी विचारत होते, अरे सही कुठाय? तर सनी म्हणे बापू, फोनवर हो म्हणालाय, तोंडी पक्कं आहे. बापूंनी कपाळावर हात मारला. पण फ्लेक्स काही उतरवला नाही, पोरं खाली सेल्फी काढत होती.

१६ जाने., शुक्रवार

नको तेच झालं. पंचवटीच्या टीमचा कुणी आपल्या चौकातून गेला, फ्लेक्सचा फोटो काढला, आणि त्यांच्या माणसानं त्याच दिवशी रोहनला फोन लावला. जास्त देतो म्हणाले. सही तिकडे झालीसुद्धा. फ्लेक्स लावला नसता तर त्यांना कोण रोहन नि कुठला रोहन, हेही कळलं नसतं. आपणच दवंडी पिटली.

आणि आपली शेवटची मॅच कुणाशी? १ फेब्रुवारीला, पंचवटीशी. ती जिंकली तरच टिकणार. म्हणजे तो चपळ डाव्या पायाचा पोरगा सरळ दादाच्या अंगावर धावत येणार. दादाला सांगितलं तर म्हणे, बघू, आला तर आला.

सनी दोन दिवस चौकातून रिक्षा काढत नाहीये, मागच्या रस्त्यानं जातो. फ्लेक्स अजून तिथेच. रोहन हसतोय आपल्याकडे बघून.

१८ जाने., रविवार

उरलेल्या पैशात स्ट्रायकर येईना. बापू सटाण्याकडून एकाला घेऊन आले. गोकुळ. स्टॉपर! मी देवाला मानत नाही, पण आज हात जोडावेसे वाटले.

बाहेरचा खेळाडू कॅप्टनच्या घरी राहतो, ही आपल्या क्लबची जुनी पद्धत. म्हणजे वहिनी आणि लेकरं आईच्या खोलीत, आणि दादाची जागा घेऊ शकेल तो माणूस दादाच्याच खोलीत, दादाच्याच गादीशेजारी, आईच्या हातच्या भाकरी खातोय. उंच, लाजाळू, पंचविशीचा. गावाकडे बायको आणि लहान मुलगी. सगळ्यांना ताई-दादा. आईला त्याची अहिराणी ऐकून इतकं हसू येतंय, दर वाक्याला 'आहे'ऐवजी शे. तिसरी भाकरी घेतली तेव्हाच आईनं त्याला घरचा करून टाकला.

दादानं स्वतःची चादर दिली त्याला. फार गोड वागतोय. मला ते गोड वागणंच सहन होत नाही.

२१ जाने., बुधवार

प्रॅक्टिस बघून आले. दादानं गोकुळला डाव्या बॅकला लावलं. त्याचा डावा पाय चालतच नाही! बॉल आला की दोन पावलं मागे घेऊन उजव्यावर घेतो, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. पोरं चिडवतायत. तो खाली बघून हसतो.

दादाला कळत नाही असं नाही. खेळ त्याच्याइतका इथे कुणाला कळतो?

रागानं माझं डोकं फिरलं आणि दोन मिनिटांत त्याची कीवही आली. बॉल नसताना, कुणी बघत नाहीये असं वाटलं की तो गुडघा दाबत होता.

२५ जाने., रविवार

निफाडला सरावाची मॅच. काय ती थंडी! द्राक्षबागांच्या कडेला ग्राउंड, बोटं बधिर. एक-एक बरोबरी. आपण गोल खाल्ला तो गोकुळच्या बाजूनं. पण दादा दोनदा मागे राहिला, एकदा तर वळता वळता खालीच बसला, ते कुणाला दिसलं नाही, कारण दोन्ही वेळा गोकुळ आपली जागा सोडून मध्ये धावत आला आणि बॉल काढला. मला दिसलं. बापूंना दिसलं का? त्यांनी नुसता चष्मा पुसला.

परत येताना टेम्पोत गोकुळ माझ्या शेजारी. हळूच म्हणाला, "ताई, दादाना गुडघा सुजेल शे."

मी म्हटलं, सुजलाय ते माहितीये. कुणाला बोलू नकोस.

त्यानं मान हलवली. पुढे पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या जागी मी असते तर आरडाओरडा केला असता.

ग्रुपवर: पैसे पाण्यात गेले. सटाण्याला परत पाठवा. यापेक्षा माझी आजी बॅकला बरी (हे सनी). फ्लेक्सवाल्यानं बोलावं!! मी लिहिलं, की चूक गोकुळची नाही, चूक त्याला तिथे उभं करणाऱ्याची. मग पाठवायच्या आधी पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.

२८ जाने., बुधवार

सनीनं गोकुळला तोंडावर सुनावलं, चहाच्या टपरीवर, चार लोकांत. फुकटचं खातोस म्हणाला. आमच्या घरात जेवणाऱ्या माणसाला! गोकुळ घरी येऊन गुपचूप बॅग भरायला लागला. आईनं बॅग हातातून काढून घेतली, आधी जेव म्हणाली. जेवला, पण एकच भाकरी.

दादा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. मी त्याला गच्चीवर बोलावलं. तो कठडा धरून वर येईपर्यंत मी थांबले, आणि तेवढ्या वेळात ठरवलेलं सगळं बोलणं विसरले. जे तोंडात आलं ते बोलले. त्या माणसाची अब्रू जातेय तुझ्यामुळे. तुझा गुडघा गेला तर मेडिकल गेली, मेडिकल गेली तर वहिनीनं आणि लेकरांनी काय करायचं? आणि कशासाठी? रविवारच्या दीड तासासाठी?

वाटलं ओरडेल. ओरडला नाही. टाकीला टेकून उभा राहिला.

"कंपनीत मला नंबरनं बोलवतात, प्रज्ञा. इतकी वर्षं. सुपरवायझरला माझं नाव विचार, सांगता येणार नाही. रविवारी ग्राउंडवर अख्खी कॉलनी मिलिंद मिलिंद ओरडते. मी बसलो की सोमवार ते रविवार नंबरच राहिला."

आम्हीच तर ओरडतो. सगळ्यात मोठ्यानं मी.

मग म्हणाला, पर्मनंट झालो तर नंबर बदलेल, एवढंच. आणि स्वतःच हसला. मला रडू आलं, ते त्याला दिसू दिलं नाही. खाली उतरताना त्यानं पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधाराला. किती जड झालाय.

२९ जाने., गुरुवार

बापू माझ्या ऑफिसच्या गेटवर. सहज आलो म्हणाले. सहज कुणी सातपूरला येतं? निफाडला त्यांनाही दिसलं होतं. म्हणाले, मी त्याला बस म्हणू शकत नाही बाई, हा क्लब त्यानं आणि मी उभा केला, त्याला जागेवरून उठवायचं तोंड मला नाही. तूच बघ.

तूच बघ! मी कोण? मी ग्रुपची अॅडमिन. हात वर करायच्या वेळी हसले होते ना सगळे मला?

३१ जाने., शनिवार

उद्या मॅच. सकाळपासून फोन गरम. रोहनला कोण अडवणार यावरच सगळी चर्चा. मिलिंददादा आहे ना, झालं मग, असं ज्यानं त्यानं लिहिलंय. सनीनंसुद्धा.

आदल्या संध्याकाळी दादा मला टीम सांगतो आणि मी ग्रुपवर टाकते, नेहमीचंच. आज चहा पिऊन झाल्यावर सांगायला बसला. गोलकीपर. मग उजवा बॅक. डाव्या बॅकला सुतारांचा अक्षय. गोकुळ नाही. मग मधले, मग पुढचे. मी मोजले, दहा. म्हटलं, स्टॉपर?

"दहा मी सांगितले. अकरावा तू टाक."

"दादा, हे मी कसं..."

"तुला खेळ कळतो. आणि माझा गुडघाही तुलाच माहिती. तू टाकशील तो खेळेल. मी विचारणार नाही का म्हणून."

आणि उठला, गोकुळला हाक मारून बूट पुसायला बसला. दोघांचे.

इतका राग आलाय. हे काय वागणं? स्वतःला बसवायची हिंमत नाही म्हणून माझ्या हातून बसवून घ्यायचं? की खेळायची परवानगी हवीये त्याला, म्हणजे उद्या काही झालं तर ती एकट्याची चूक नको? की खरंच विश्वास आहे माझ्यावर? यातलं काय ते मला कळत नाही, आणि विचारलं तर तो सांगणार नाही. त्यालाही माहीत नसेल.

गोकुळचं नाव लिहिलं तर उद्या कुणी मिलिंद मिलिंद ओरडणार नाही. आणि कदाचित कधीच. दादाचं लिहिलं तर मी स्वतः ओरडणार, आणि प्रत्येक वेळी तो वळला की माझे डोळे मिटणार.

दहा नावं टाईप करून ठेवलीत. सनी: ताई, टीम टाका की. बापूंनीही वाचलाय तो मेसेज. आई जेवायला बोलावतेय. पडवीत दादा गोकुळला काहीतरी दाखवतोय, रोहन आत वळला की कुठला पाय पुढे ठेवायचा ते, आणि दाखवता दाखवता उभा राहिलाय, भिंत न धरता.

मी अजून काही टाकलेलं नाही.