देवाला विचारलं ते शाळेचं

गुरुजी, मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, "आपलं चुकलं का रे?" मी तुमच्या पेल्यात पाणी ओतत होतो. तेवढ्यात नर्सबाईंनी वेळ संपली म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि पुढच्या खेपेला आलो तेव्हा तुमच्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. तुम्ही त्या वेळी जेवढे होतात त्याहून आज मी कितीतरी म्हातारा आहे. सांगलीत मुलाकडे राहतो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसतो आणि तुम्ही शिकवलेल्या कविता तुमच्याच चालीवर म्हणतो. सून म्हणते, "मामा, हळू म्हणा, माणसं वळून बघतात." बघू देत. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच. ते लिहावं म्हणून आज बसलोय.

तुम्ही आमच्या गावात आलात ते लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळेना, म्हणून कराडहून पाटणकडे येणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे भलंमोठं नळकांडं, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. तुम्ही मोटार ढकलतच गावाच्या हद्दीत शिरलात, कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी. पोरं ओरडली, "मास्तर कुठला, इंजिनवाला आलाय रं!" तुम्ही आमच्याहून मोठ्यानं हसलात. तुम्ही काळ्या रानातले, नदीकाठचे. डोंगर तुम्हाला ठाऊक होता तो कवितेतला. मी तुम्हाला देवराई दाखवायला नेलं तेव्हा तुम्ही टोपी काढून मान वर करून बघू लागलात. ऐन, हिरडा, जांभूळ, त्यांच्या गळ्यात पडलेल्या मनगटाएवढ्या वेली, आणि भर दुपारी आत दिवेलागणीचा उजेड. खालच्या कातळातून झरा निघायचा आणि पाटानं आमच्या भातखाचरांत जायचा. देवाचं रान म्हणून तिथलं वाळकं काटूकसुद्धा कुणी चुलीला आणत नसे.

शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. पावसाची झड आत आली की आम्ही पाट्या पोटाशी धरून भिंतीला चिकटायचो, भजनी मंडळी आली की शाळा सुटायची. तुम्हाला हे फार लागायचं. म्हणून कोळशाचा ठेकेदार गावात आला, आणि देवराई मला तोडायला द्या, मी शाळा बांधून देतो, म्हणाला, तेव्हा तुमचा चेहरा उजळला. मला तो अजून दिसतो आहे. गाव मात्र भ्यालं. पाणी आटेल म्हणून नव्हे हो, देव कोपेल म्हणून. मग कौल लावायचं ठरलं. काळ्या पाषाणातल्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव बसलं आहे, गुरव तुमच्याकडे वळून म्हणतो, "आवं गुर्जी, तुमीच सांगा देवाला काय इचारायचं त्ये. तुमी शिकल्याली मानसं."

तुम्ही घसा साफ करून म्हणालात, "विचारा, गावच्या लेकरांना शाळा व्हावी का?"

उजवी कळी टपकन पडली. बाया हसल्या, कुणी हात जोडले. माझी आजी तेवढी पुटपुटली, "आरं, पर झाडाचं कुठं इचारलं?" तिला गुरव म्हणाला, "म्हातारे, देवानं व्हय म्हटलं की त्यात समदं आलं." आणि खरंच, गुरुजी, सगळं त्यात आलं. देवाचा धाक होता तोवर झाडं होती. देवानंच परवानगी दिली म्हटल्यावर भ्यायला काही उरलं नाही. झरा झाडांमुळे आहे हे ना गावाला सुचलं, ना गुरवाला, ना तुम्हाला. तुमच्याकडे पाणी नदीत असतं. आमच्याकडे ते पहिल्यापासून होतंच, म्हणून कुठून येतं हे कुणी बघितलं नाही.

भट्ट्या धुमसल्या, डोंगर बोडका झाला आणि शाळा उभी राहिली. ऐनाच्या तुळया, कौलारू छप्पर, नव्या लाकडाचा तुरट वास. त्या खोलीत तुम्ही टेबलावर बोटांनी ठेका धरून शिकवत होतात, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना आमची पाटी कोरडी होती. हे सुख मी कुणाला कसं सांगू? त्याच पावसानं डोंगरावरची माती खाली आणून आमच्या खाचरांत दगडगोट्यांसकट ओतली. पुढच्या उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कातळ नुसता ओला दिसायचा, मग तोही नाही. बायका खाली नदीवर जाऊ लागल्या, आणि बायांमागून मुली. माझी ताई एकदा उशिरा वर्गात आली. तुम्ही तिला दारातच थांबवून रागावलात, "शाळा म्हणजे काय धर्मशाळा वाटली?" ती परकराला हात पुसत म्हणाली, "गुर्जी, पानी आनाया गेल्ते." तुम्ही खडू टेबलावर ठेवलात आणि दारातून बाजूला झालात. त्या दिवशी तुम्ही पुढे काही शिकवलं नाही. थोड्या दिवसांनी ताई यायचीच बंद झाली. तिच्यामागून एकेक करत मुलींची बाजू मोकळी झाली. सुट्टीच्या दिवशी तुम्ही डोंगरावर रोपं लावायला जायचात, खांद्यावर पाण्याची कावड घेऊन. गुरं ती खायची, तुम्ही परत लावायचात.

ताई पाण्याला निघाली की मी नदीपर्यंत तिच्याबरोबर जायचो आणि त्या दिवशी शिकलेली कविता तिला म्हणून दाखवायचो. परवा फोनवर तिनं त्यातली एक आख्खी म्हटली, एका शब्दाची चूक नाही. मी म्हटलं, "ताई, लय झ्याक!" तर म्हणाली, "व्हय, पर ती लिवल्याली कशी दिसती, त्ये मला ठावं न्हाई बघ."

तर गुरुजी, उत्तर असं आहे की चुकलं. तुमचं, गावाचं, सगळ्यांचं. झरा परत आला नाही, आणि ताईची शाळा त्या झऱ्याबरोबर गेली. एवढं आज सरळ लिहिलं. हे तुम्हाला पोचतं करायला कुठलं टपाल नाही, आणि असतं तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुम्ही वाचून पुन्हा कावड उचलली असती. पुढे लिहायचं होतं की ती शाळा व्हायलाच नको होती. ते वाक्य मी सकाळपासून तीनदा लिहायला घेतलं. माझ्यानं लिहवत नाही.