रुचिकाचा हिरवा ठिपका

रुचिकाच्या आजोबांस नवापूरहून गजराबाईचा नमस्कार.

आज सकाळी सगळ्यात आधी दारात कोण आलं, ओळखा! हेमकांत! सुपारी फुटल्यावर त्यानं हात उगारला म्हणून आपल्या रुचिकानं लग्न मोडलं, तोच. संगे त्याचा मोठा भाऊ. मी तर हरखूनच गेले. "आजी, चूक मन्हीच व्हती," म्हणाला. किती नरम झालाय पोरगा!

रुचिका कोंबड्यांची औषधं विकायला सुरतेला गेलीय. माझ्यासाठी एक फोन ठेवून गेली. ती जाईल तिथं त्यात हिरवा ठिपका सरकतो, हॉटेल दिसतं, परतीचं तिकीटही दिसतं. मला कुठं वाचता येतं? हेमकांतच्याच हाती दिला. त्यानं सगळं दोनदा वाचलं. भावानं चहासुद्धा घेतला नाही, दारातच उभा राहिला.

कुणाला दाखवू नको, असं रुचिका म्हणाली होती. पण हा काय परका?

फोन अडकतो, नीट करतो म्हणून हेमकांत घेऊन गेला. सगळ्यांचे नंबर त्यातच, म्हणून हे कार्ड. गुडघ्याला तेल लावता ना?

"तिले सांगू नका, आजी. टेसनवरून आम्हीच लई येसूत," म्हणालेत. बुधवारी तिला घेऊनच येणार आहेत.

तुमची,
गजरा