दगडांवर टेकलेलं घर

बार्बाडोस, ४ मे १९५८

चि. डार्नली यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. बस कंडक्टरच्या गणवेशातला तुझा फोटो चर्चमध्ये इतका फिरला की पाद्रीबाबांचं प्रवचन कुणी ऐकलंच नाही.

आता बातमी. मजुरीच्या चौकशीला सरकारी साहेब आले होते. ऊस तोलायच्या काट्याबद्दल त्यांनी विचारलं, आणि सगळ्या मजुरांना एकदम खोकला झाला. मला नव्हता. काटा वजन कमी दाखवतो, असं मी शपथेवर सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी मळ्याचे मॅनेजर दारात आले. घोड्यावरूनच म्हणाले, शब्द मागे घे, नाहीतर महिनाअखेर घर उचल. घोडा सभ्य होता, मान खाली घालून उभा राहिला.

जागा त्यांची, घर आपलं. म्हणून तर आजोबांनी ते लाकडाचं केलं आणि पाया न घालता नुसतं दगडांवर टेकवलं, सुटं करून हलवता यावं असं. तुझं मत कळव. ऐकेनच असं नाही.

माझी माया तशीच आहे, तिला लंडनच्या धुक्यात हरवू नकोस.
तुझी ताई,
क्लोटेल


लंडन, १३ मे १९५८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. इथल्या बायका चहात आपलीच साखर ढवळतात आणि मला विचारतात, बार्बाडोस आफ्रिकेत नेमकं कुठे. त्या साखरेचा भाव या शहरात ठरतो, ताई. तुझ्या एका साक्षीनं काय हलणार आहे?

शब्द मागे घे. मी इथे रोज असे दहा शब्द गिळतो, पोट काही बिघडत नाही. आईनं आपल्याला त्या घरात वाढवलं, तेवढं वाचव.

रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.
तुझा,
डार्नली


बार्बाडोस, १ जून १९५८

चि. डार्नली यास,
अ. आ. पोट बिघडत नाही म्हणतोस, मग जेवण का गेलं नाही? असो. शब्द मागे घेतला नाही, आणि घरही शाबूत आहे.

काल शनिवारी उजाडताच बत्तीस माणसं आली. खोकलेवाले सगळ्यांत आधी. छप्पर उतरवलं, भिंती सुट्या केल्या, गाढवगाड्यांवर रचल्या आणि टेकडीवर नेल्या. आजोबांनी पनामाचा कालवा खणून आणलेल्या पैशांत घेतलेला तो खडकाळ तुकडा, ज्यावर आपण शेळ्याच बांधत आलो. मी मक्याच्या पिठाचं कुकू ढवळून ढवळून हात मोडून घेतले. चारपर्यंत घर उभं राहिलं.

तेव्हा शेजारच्या मिस युलालीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, की दार तिकडे का? मळ्यावर नियमच होता, प्रत्येक घराचं दार मॅनेजरच्या बंगल्याकडे. टेकडीवर नियम कुणाचा नाही आणि रस्ताही दुसऱ्या बाजूला. तरी बत्तीस शहाण्यांनी, कुणी न सांगता, दार बंगल्याकडे बसवलं होतं.

एरवी असल्या गोष्टीवर महिनाभर हसले असते. काल कुणी हसलं नाही. म्हातारा सुतार म्हणाला, दमलोय, पुढच्या शनिवारी फिरवू. मी म्हटलं, या दारातून मी एक रात्रही आत जाणार नाही. त्यानं एकदा बंगल्याकडे बघितलं. मग त्यानं स्वतःच पहिला खिळा उपसला. सूर्य बुडायच्या आत घर फिरलं.

मळ्यावर आता मला काम नाही. रताळी लावीन, बाजारात बसेन. साक्षीच्या कागदावर माझं नाव तसंच आहे, आणि परवा आणखी अकरा जण आपलीही नावं लिहवायला जाणार आहेत. बंगल्याला आपली मागची भिंत दिसते. तिला रंग द्यायचा नाही, असं सर्वानुमते ठरलंय.

सुट्टी मिळाली की ये, आणि येताना रस्त्यानं ये. दार तिकडेच आहे.
तुझी,
क्लोटेल