टेम्पो धाडलाय, निवांत ऱ्हावा

६ नोव्हेंबर, गुरुवार.
नात राजनंदिनी इंजिनियर झाली, पण अक्कल कॉलेजात मिळत न्हाई हे आज कळलं. आमच्या तळेगावच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचं मोबाईल ॲप ती करती. बटण दाबलं की टेम्पो बुक. मागं बुकिंग घ्याया तीन कॉम्प्युटरच्या मशिनी, आन् म्होरं एक लोड बॅलन्सर म्हणं. म्हंजी आमच्या भाषेत दारवान. आलेला माणूस सवड असंल त्या मशिनीकडं लावून द्यायचा. मशिनींनी वेळंत जबाब दिला न्हाई, तर दारवानानं आपल्या मनानं काय सांगायचं, ते राजी लिहीत होती. आन् लिवलं काय, तर "सेवा उपलब्ध नाही." दारात आलेल्याला तोंडावर न्हाई. आमच्यात कुत्र्याला बी असं कुणी हाकलत न्हाई.

मी म्हणलं, लिव, "टेम्पो धाडलाय, निवांत ऱ्हावा." ती म्हणाली, आजी, काम झालं नसताना झालं म्हणायचं नसतं. मी तिसरीत शाळा सोडली तेच बरं केलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
कंपनीचे चेअरमन बापूसाहेब चहाला आलेले. माझं वाक्य ऐकून खूश. त्यांनी जल्मात कुणाला न्हाई म्हणलेलं न्हाई, म्हणून तर दर इलेक्शनला निवडून येत्यात. राजीला म्हणाले, आजींचंच टाका. टाकलं तिनं, आन् तोंड फुगवून पुण्याला निघून गेली. जाऊ दे.

माझी कोथिंबीर काढाय आली. लेक मारुती म्हणत होता, ऊस लाव. मी हट्टानं अर्धा एकर कोथिंबीरच केली. उद्या टेम्पोत चढली की त्याचं तोंड बघायचंय. शेजारच्या धुरपदाला ॲप जमत न्हाई. जीपच्या टपावर गठुडी टाकून बाजारात नेती. अडाणी.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ.
बटण दाबलं. चाक फिर फिर फिरलं आन् माझंच वाक्य आलं. डोळं भरलं. पार केंदूरपस्तोर सगळ्यांच्या मोबाईलवर आज मीच बोलतीय.

बायका लावून सगळी कोथिंबीर उपटली, जुड्या बांधून रस्त्याकडंला रचली. मारुती म्हणाला, आई, हे मशिनी बंद पडल्यावर येतंय ना? मी म्हणलं, धाडलाय असं लिवलंय, वाचता येतं का तुला? माझंच वाक्य. मी कवा खोटं बोलती का?

त्याच दिवशी, दुपार.
टेम्पो यायचाय. ट्राफिक असंल. रस्त्यानं समद्यांचंच ढीग लागल्यात, म्हंजी टेम्पो मोठा येणार.

९ नोव्हेंबर, रविवार.
कोथिंबीर पिवळी पडली, खालनं सडाय लागली. धुरपदा शेळ्या घेऊन आली. म्हणाली, आत्या, चारू का? शेळ्यांनी वास घेतला आन् पुढं गेल्या. शेळ्या बी तिच्यासारख्याच.

माणसं चिडून बापूसाहेबांच्या घरी गेली, तर त्यांच्या मंडळी म्हणाल्या, बसा, येत्यात एवढ्यात. दुपारपस्तोर बसली, चहा पिऊन आली. घराला वळण हाय.

सांजच्याला राजीला फोन लावला, म्हणलं टेम्पो अडकलाय कुठं? ती म्हणाली, आजी, टेम्पो निघालाच नव्हता.

मग तसं लिवायचं की.