घरात माणसं किती?

प्रिय आर्नेल,

फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहायला बसले. परवा जनगणनेवाली पोरगी आली होती. सेलाम नाव, मूळची इरिट्रियाची, आपल्या मागच्याच गल्लीत राहते. दारातूनच म्हणाली, "आजी, घरात माणसं किती?" मी म्हटलं, "दोन." टेबलावर तुझ्या बाबांचं ताट वाढलेलं होतं, भात आणि कारल्या-वांग्याचं पिनाकबेत. ते बघून तिनं विचारलं, "आजोबा कामावर गेलेत?" "नाही गं, गेल्या हिवाळ्यात वारले." बिचारी गोंधळली. "आजी, सरकार जिवंत माणसंच मोजतं." मी म्हटलं, "मोजू दे, सरकारला कुठे रोज वाढायचं असतं!" ती हसली, पण तिनं एकच लिहिलं. मला फार लागलं ते.

विनिपेग आता ओळखू येत नाही बघ. आम्ही फिलिपिन्सहून येऊन शिवणकामाच्या कारखान्यात लागलो तेव्हा गल्लीत सगळे युक्रेनियन म्हातारे. त्यांच्या चर्चमध्ये आता सेलामची माणसं गातात. डावीकडे सरदारजी, उजवीकडे सीरियन बाई, सकाळपासून फोडण्यांची नुसती चढाओढ. सेलाम म्हणाली, शहरात शंभरावर भाषा आहेत. मग विचारलं, "तुम्ही घरात कोणती बोलता?" मी म्हटलं, "इलोकानो." "कुणाशी?" मी ताटाकडे पाहिलं. पोरगी शहाणी, "इलोकानो" लिहून तिनं पान उलटलं.

रविवारी आपली फिलिपिनो माणसं ढिगानं भेटतात, पण बोलतात तागालोग. आपल्या बोलीत भांडणाऱ्या माझ्या मैत्रिणी एकेक करून गेल्या. तुला आम्ही ती शिकवलीच नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात इंग्रजी बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. तू काही मागे पडला नाहीस बाबा, पार टोरांटोला पोचलास.

आता मुद्द्याचं सांगते. पोटात गाठ निघाली आहे. पुढचा बर्फ मी बघेन असं डॉक्टरांना वाटत नाही. उपचारांवरून आपण फोनवर भांडूच, पण मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलच्या दारातून निघताना मी त्यांना नावानं हाक मारली, "उमायकान, दी का अग्बातबाती." चल, मागे राहू नकोस. लहानपणी नदीवरून निघताना मी तुलाही अशीच हाक मारायचे आणि तू खिदळायचास. हाक मारली नाही तर जीव तिथेच घुटमळतो रे. मी मारली, म्हणून तर ते घरी आले. माझ्या वेळी ही हाक मारायला तुझ्याशिवाय कुणी नाही. रोज म्हणून बघ. उच्चार चुकला तरी तुझा आवाज मी ओळखेन. घराला शेवटचं कुलूप लावशील तेव्हा आम्हा दोघांची नावं घेऊन म्हण. आणि पुढे कधी सेलाम मोजायला आली तर तिला सांग, इथे कुणी मागे राहिलेलं नाही.

तुझी आई,
नानांग